तकोवाचा मेंढपाळ

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बाजारात धान्य किंवा भाजी आणायला जात असाल. दुकानदार तराजूच्या एका पारड्यात वजन ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात माल घालतो. दुकानातील वजनांवर आणि काट्यांवर सरकारी तपासणीचा शिक्का असतो. त्यामुळे तुम्ही निश्चिंतपणे पैसे देता. पण समजा, ती वजने दुकानदाराने स्वतःच घडवलेली असती तर? तुमच्याकडून घ्यायला एक वजन आणि तुम्हांला द्यायला दुसरे माप असते तर? अशा फसवणुकीला आपण मराठीत 'मापात पाप' म्हणतो.

सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी एका राज्यात हे पाप राजरोसपणे चालले होते. त्या राज्यात सण थाटामाटात साजरे होत. उपासनेच्या ठिकाणी गर्दी होई. आणि त्याच राज्यात गरीब माणूस पायांतल्या जोड्याच्या किमतीला विकला जाई. या अन्यायाविरुद्ध एक मेंढपाळ उभे राहिले. त्यांचे नाव आमोस. यहुदी लोकांच्या पवित्र ग्रंथात त्यांच्या नावाचा नऊ अध्यायांचा एक छोटासा भाग आहे. ख्रिस्ती लोकांच्या बायबलमधील 'जुना करार' या विभागातही तो आहे. आमोसांविषयी जी माहिती मिळते ती बहुतेक त्याच ग्रंथातून मिळते.

हजरत दाऊद आणि हजरत सुलेमान ही नावे तुम्हांला परिचित आहेत. इस्राएली लोकांचे राज्य त्यांच्या काळात एक होते. हजरत सुलेमान यांच्यानंतर, इ. स. पू. ९३० च्या सुमारास, त्या राज्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडील राज्याला यहूदा म्हणत. त्याची राजधानी जेरुसलेम. उत्तरेकडील राज्याचे नाव इस्राएल. त्याची राजधानी पुढे शोमरोन ही झाली. या नगराला सामरिया असेही म्हणतात. दोन्ही राज्यांतील लोकांची भाषा एक होती, धर्म एक होता. पण राजे वेगळे होते आणि त्यांच्यात अनेकदा वैरही होते.

आमोस दक्षिणेच्या राज्यातले. जेरुसलेमच्या दक्षिणेला सुमारे सोळा किलोमीटरवर तकोवा नावाचे गाव होते. गावाच्या एका बाजूला शेते, तर दुसऱ्या बाजूला उतरत जाणारे उजाड, खडकाळ रान. तेथे मेंढ्या चारणे हा एक मुख्य धंदा होता. आमोस मेंढ्या पाळत. त्यांचा आणखी एक उद्योग होता. आपल्याकडच्या उंबराच्या जातीचे एक झाड त्या देशाच्या सखल भागात होते. उंबरासारखीच त्याची फळे खोडाला आणि फांद्यांना लगडतात. ही फळे झाडावर असतानाच त्यांना चाकूने लहानशी चीर द्यावी लागते, म्हणजे ती लवकर पिकतात. प्रत्येक फळाला हात लावायचा, चीर द्यायची, असे ते कष्टाचे काम. हे फळ गरिबांचे खाणे होते. ते काम आमोस करत. तकोवा उंचावर असल्यामुळे त्यांना या झाडांसाठी खाली सखल प्रदेशात जावे लागत असणार.

आमोस राजघराण्यातले नव्हते. ते पुरोहित नव्हते. संदेष्ट्यांच्या मंडळात राहून त्यांनी शिक्षणही घेतले नव्हते. रानात कळपामागे चालत असताना देवाने आपल्याला बोलावले आणि उत्तरेच्या राज्यात जाऊन संदेश देण्यास सांगितले, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. हा काळ इ. स. पू. ७६० च्या आसपासचा. तेव्हा यहूदा राज्यात उज्जीया राजा होता आणि इस्राएल राज्यात दुसरा यराबाम राज्य करत होता.

दुसऱ्या यराबामाने ४१ वर्षे राज्य केले, अशी धर्मग्रंथात नोंद आहे. त्याचा काळ भरभराटीचा होता. शेजारच्या दमास्कसच्या राज्याला असिरियाच्या सैन्याने आधीच नमवले होते. असिरिया स्वतः आपल्या अडचणींत गुंतला होता. त्यामुळे यराबामाला आपल्या राज्याच्या सीमा वाढवता आल्या. व्यापार वाढला. शोमरोन नगरात दगडी वाडे उभे राहिले. श्रीमंतांची हिवाळ्यासाठी वेगळी आणि उन्हाळ्यासाठी वेगळी घरे होती. ते हस्तिदंताने मढवलेल्या पलंगांवर लोळत, मोठमोठ्या वाडग्यांतून मद्य पीत आणि अंगाला उत्तम तेल लावत.

तुम्हांला वाटेल, ही अतिशयोक्ती असेल. पण तसे नाही. विसाव्या शतकात संशोधकांनी शोमरोनच्या टेकडीवर उत्खनन केले. १९१० साली तेथे शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. कोणत्या गावाहून किती जुने मद्य आणि किती शुद्ध तेल आले, याच्या त्या नोंदी होत्या. पुढे १९३० नंतरच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे मिळाले. एका मेंढपाळाने ज्या वैभवाचे वर्णन केले, त्याचे अवशेष अशा रीतीने मातीतून वर आले.

मग या वैभवात वाईट काय होते? श्रीमंती हा गुन्हा नाही. परंतु ती कोठून आली, हा प्रश्न आमोसांनी विचारला. याचे उत्तर समजण्यासाठी त्या काळच्या एका लहान शेतकऱ्याची स्थिती ध्यानात घ्या.

एखाद्या वर्षी पाऊस पडला नाही. पीक बुडाले. पुढच्या पेरणीसाठी शेतकऱ्याने सावकाराकडून बी उसने घेतले. तारण म्हणून अंगावरचा जाड झगा ठेवला. हा झगा म्हणजे त्याचे रात्रीचे पांघरूण. गरिबाचा झगा गहाण घेतला तर सूर्यास्तापूर्वी त्याला परत द्यावा, कारण तो दुसरे काय पांघरणार, असा त्यांच्या धर्मशास्त्राचा स्पष्ट नियम होता. पण सावकार झगा परत देत नसे. उलट, अशाच गहाण झग्यांवर पाय पसरून हे लोक उपासनास्थानातील वेदीजवळ मेजवान्या झोडत. कर्ज फिटले नाही म्हणजे शेत जाई. शेत गेले म्हणजे माणूस स्वतः गुलाम होई. कधी कधी हे कर्ज एका जोड्याच्या किमतीएवढे क्षुल्लक असे.

गरिबाने न्याय मागायचा तो कोठे? त्या काळी नगराच्या वेशीत न्यायसभा भरत असे. वेशीजवळ गावातील वडीलधारी मंडळी बसत आणि दोन्ही बाजू ऐकून निवाडा करत. गरीब माणूस मोठ्या आशेने वेशीत जाई. परंतु तेथे लाच आधीच पोहोचलेली असे. खरे बोलणाऱ्याचा तेथे राग केला जाई. म्हणून शहाणा माणूस गप्प बसणेच पसंत करी.

बाजारातही तीच स्थिती होती. त्या काळी तेथे नाणी नव्हती. गिऱ्हाईक चांदीचे तुकडे देई आणि व्यापारी ती चांदी दगडी वजनाने तोलून घेई. या वजनाला शेकेल म्हणत. एक शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा होता. धान्य मोजण्याच्या मापाला एफा म्हणत. एका एफात सुमारे २२ लिटर धान्य मावे. लबाड व्यापारी काय करत, ते पाहा. ते चांदी तोलण्यासाठी थोडा जड दगड वापरत आणि धान्य देण्यासाठी थोडे लहान माप वापरत. म्हणजे गिऱ्हाईक चांदी जास्त देई आणि धान्य कमी घेऊन जाई. दोन्हीकडून नुकसान त्याचेच. इतकेही पुरेसे नव्हते म्हणून तराजूची दांडी वाकडी करत आणि धान्यात भुसकट मिसळत.

शब्बाथ हा यहुदी लोकांचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस. तो शनिवारी असतो. आपल्या रायगड जिल्ह्यातील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हे त्या दिवसाचे महत्त्व! इस्राएलमधील व्यापारीही शब्बाथला दुकान बंद ठेवत. नियम मोडत नसत. पण त्यांचे मन मात्र दिवस कधी मावळतो आणि खोटी मापे कधी बाहेर काढतो, यातच गुंतलेले असे. आमोसांनी नेमके हेच पकडले. हात पवित्र दिवस पाळत होते आणि मन फसवणुकीचे हिशेब करत होते.

आमोस तकोवाहून निघून बेथेलला आले. बेथेल हे उत्तरेच्या राज्याचे मोठे उपासनास्थान. तकोवापासून ते सुमारे ३५ किलोमीटर दूर होते. तेथे राजाच्या कृपेने पुरोहित नेमले जात आणि सणांना दूरदूरचे लोक जमत.

आता हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. गर्दीसमोर एक परप्रांतीय मेंढपाळ उभा आहे. तो प्रथम शेजारच्या राज्यांचे अपराध सांगू लागतो. दमास्कसने गिलाद प्रदेशातील लोकांना निर्दयपणे चिरडले. गाझाने आणि सोर नगराने वस्त्याच्या वस्त्या कैद करून परक्यांना विकल्या. अदोमाने आपल्याच भाऊबंदांवर तलवार उपसली. अम्मोनाने सीमा वाढवण्यासाठी गरोदर स्त्रियांचीही हत्या केली. मवाबाने अदोमाच्या राजाच्या अस्थी जाळून त्यांचा चुना केला. या सर्वांना शिक्षा होईल, असे आमोस एकामागून एक सांगत गेले.

शत्रूंचे अपराध ऐकताना कोणाला बरे वाटणार नाही? ऐकणाऱ्यांच्या माना डोलू लागल्या असतील. मवाबाचा अपराध तर इस्राएलच्या नव्हे, इस्राएलच्या शत्रूच्या बाबतीत घडला होता. तरीही आमोसांनी तो मोजला. अन्याय कोणावर झाला हे न पाहता अन्यायाला अन्यायच म्हटले पाहिजे, असे त्यांचे मत होते. मग त्यांनी स्वतःच्या यहूदा राज्याचे नाव घेतले. त्यालाही सोडले नाही. आणि शेवटी त्यांचे बोट समोर उभ्या असलेल्या लोकांकडेच वळले. झगे गहाण ठेवून घेणारे, गरिबांना विकणारे, वेशीत लाच खाणारे तुम्हीच आहात, असे त्यांनी सुनावले. क्षणापूर्वी डोलणाऱ्या माना तेथेच थांबल्या असतील.

इस्राएली लोकांना एक गर्व होता. आपण देवाचे निवडलेले लोक आहोत, आपले काही वाईट होणार नाही, असे ते मानत. आमोसांनी हा गर्व उतरवला. निवड झाली आहे म्हणूनच तुमची जबाबदारी जास्त आणि हिशेबही कडक, असे त्यांनी सांगितले. देवाने तुम्हांला मिसर देशातून बाहेर काढले हे खरे. पण इतर लोकांनाही त्यानेच एका देशातून दुसऱ्या देशात आणले आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. त्यांच्या दृष्टीने देवाच्या दरबारात कोणत्याही जमातीसाठी वेगळा तराजू नव्हता.

त्यानंतर त्यांनी सर्वांत कठोर गोष्ट सांगितली. तुमचे सण, तुमचे बळी, तुमची वाद्ये आणि गाणी देवाला नकोत, असे ते म्हणाले. देवाला हवा आहे तो न्याय. हे समजावताना त्यांनी पाण्याचा दाखला दिला. तकोवाच्या रानातले ओढे पावसात दुथडी भरून वाहतात आणि पाऊस संपला की कोरडे पडतात. न्याय असा पावसाळी ओढ्यासारखा नसावा. तो बारमाही नदीसारखा सतत वाहता असावा. सणाच्या दिवशी दानधर्म करायचा आणि एरवी गरिबाला लुबाडायचे, हा न्याय नव्हे.

आमोस कठोर होते, पण निर्दय नव्हते. त्यांना काही दृष्टान्त झाले. पहिल्यात टोळधाड आली आणि तिने सारी हिरवळ खाऊन टाकली. दुसऱ्यात भयंकर आग लागली. दोन्ही वेळा आमोसांनी या लोकांसाठी देवाकडे दयेची याचना केली. हे लोक दुबळे आहेत, ते कसे टिकतील, असे ते कळवळून म्हणाले. ज्यांच्यावर टीका केली त्यांच्यासाठीच त्यांनी क्षमा मागितली, हे विसरू नका. दोन्ही वेळा ते संकट टळले.

तिसऱ्या दृष्टान्तात त्यांना एका भिंतीजवळ ओळंबा दिसला. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. भिंत बाहेरून कितीही सुंदर असो, ओळंबा तिचा वाकडेपणा लगेच दाखवतो. आणि वाकडी भिंत आज ना उद्या कोसळते. ओळंब्याला दोष देऊन ती सरळ होत नाही.

बेथेलचा मुख्य पुरोहित अमस्या याने मात्र ओळंब्यालाच दोष दिला. आमोस राजाविरुद्ध कट करत आहे, त्याचे बोलणे देशाला सोसवणार नाही, असा निरोप त्याने यराबाम राजाला पाठवला. मग त्याने आमोसांना दरडावले. तू आपल्या यहूदा देशात निघून जा आणि तेथेच उपदेश करून पोट भर. हे राजाचे उपासनास्थान आहे, येथे पुन्हा तोंड उघडू नकोस, असे त्याने बजावले. आमोस खोटे बोलले, असे मात्र अमस्याने म्हटले नाही. त्याची तक्रार एवढीच होती की हे येथे बोलू नये.

आमोस डगमगले नाहीत. संदेश देणे हा माझा पोटाचा धंदा नाही, असे त्यांनी उत्तर दिले. मी मेंढपाळ आहे, झाडांची फळे पिकवणारा आहे. मला पाठवले म्हणून मी आलो, असे ते म्हणाले. ज्याचे पोट राजाच्या अन्नावर चालत नाही, त्याला राजाची भीती कशी दाखवणार? या देशातील लोक कैद होऊन परदेशी जातील, जमिनी दोरीने मोजून वाटल्या जातील आणि अमस्याला परक्या भूमीत मरण येईल, असे सांगून त्यांनी आपले बोलणे संपवले.

यानंतर आमोसांचे काय झाले, हे त्यांच्या ग्रंथात लिहिलेले नाही. त्यांच्या संदेशानंतर दोन वर्षांनी त्या प्रदेशात मोठा भूकंप झाला, एवढी नोंद ग्रंथाच्या आरंभी आहे. उत्तरेकडील हासोर नगराच्या उत्खननात त्या काळातील भूकंपाच्या खुणा आढळल्या आहेत. इ. स. पू. ७४६ च्या सुमारास यराबाम मरण पावला आणि राज्याची घडी विस्कटली. त्याच्यानंतरच्या सहा राजांपैकी चौघांचे खून झाले. तिकडे असिरिया पुन्हा बलाढ्य झाला. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. असिरियाच्या राजाने आपण तेथून २७ हजारांहून अधिक लोकांना कैद करून नेल्याचे कोरून ठेवले आहे. हस्तिदंताचे पलंग तेथेच राहिले.

आमोसांच्या ग्रंथाचा शेवट मात्र नाशाने होत नाही. पडलेले घर पुन्हा उभे राहील, लोक द्राक्षमळे लावतील आणि आपल्या कष्टाचे फळ स्वतः खातील, अशी आशा त्यात आहे. ज्याने मळा लावला त्यालाच फळ मिळावे, यापेक्षा न्यायाचे सोपे चित्र कोणते?

ज्या संदेष्ट्यांची वचने स्वतंत्र ग्रंथरूपाने जपली गेली, त्यांपैकी आमोस हे बहुधा सर्वांत आधीचे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांचे म्हणणे त्यांच्या देशापुरते राहिले नाही. १९६३ साली अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी भाषण केले, तेव्हा त्यांनी आमोसांचाच वाहत्या पाण्याचा दाखला वापरला. मापात पाप करू नये, ही शिकवण तुम्हांलाही नवी नाही. कुरआन शरीफमध्ये हजरत शुऐब यांनी मदयनच्या लोकांना पूर्ण माप देण्यास बजावल्याचे तुम्ही वाचले असेल. देश वेगळे, काळ वेगळा. पण तराजू खरा असावा, ही मागणी एकच.

मित्रांनो, आमोसांचे चरित्र वाचून जुन्या काळच्या लबाड व्यापाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. बेथेलच्या लोकांनीही प्रथम तेच केले होते. त्यांना दुसऱ्यांचे अपराध ऐकायला आवडले. आपण तसे करू नये. खेळात आपल्या गड्याची चूक झाली, तर आपण ती मान्य करतो का? वर्गात दुबळ्या मुलावर खोटा आळ आला आणि आपल्याला खरे ठाऊक असले, तर आपण उभे राहून बोलतो का? आपल्यासाठी एक माप आणि दुसऱ्यासाठी दुसरे, असे तर आपण करत नाही ना? हे प्रश्न स्वतःला विचारणे म्हणजेच आपल्या भिंतीला ओळंबा लावणे. भिंत थोडी वाकडी निघाली तर लाजू नका. ती उभी आहे तोवर सरळ करता येते.

स्वाध्याय

१. आमोस कोणते दोन उद्योग करत असत?
२. लबाड व्यापारी गिऱ्हाइकाला दोन्हीकडून कसे फसवत, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. आमोसांनी न्यायाला बारमाही नदीची उपमा का दिली?
४. अमस्याची तक्रार काय होती? ती तुम्हांला योग्य वाटते का? कारण सांगा.
५. 'मापात पाप' या शब्दप्रयोगाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
६. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या अन्यायाविषयी आणि त्या वेळी तुम्ही काय केले याविषयी दहा ओळी लिहा.